६४ बिटांचं घर, ३२ बिटांचं दार : सहा जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवण्याचं प्रकरण

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात घडलेलं हे प्रकरण. माणसांची, वाचनालयाचं आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं नाव मुद्दाम गाळलं आहे. तांत्रिक तपशील जसेच्या तसे ठेवलेत. यातल्या बहुतेक चुका माझ्याच आहेत, त्यामुळे झाकपाक करायचं कारण नाही.

पार्श्वभूमी

वाचनालय ‘ब’ वर्गातलं. खाली वर्तमानपत्रांची खोली आणि देवघेव, वर पत्र्याच्या शेडमध्ये अभ्यासिका. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी असं काही ना काही डोळ्यांपुढे ठेवून तीसेक मुलंमुली तिथे दिवसभर बसतात. एप्रिल २०२४ मध्ये पुण्यातल्या एका देणगीदाराने या अभ्यासिकेला सहा छोटे लॅपटॉप पाठवले. साडेअकरा इंचांच्या आसपासचा स्क्रीन, पंखा नाही, वजन जेमतेम एक किलो. आत इंटेलचा ॲटम झेड३७३५एफ, म्हणजे २०१४ च्या सुमाराचा, मुळात टॅब्लेटसाठी काढलेला चार कोअरचा प्रोसेसर. रॅम २ जीबी. हार्ड डिस्क नाहीच, त्याऐवजी ३२ जीबीची ईएमएमसी चिप. रॅम आणि चिप दोन्ही बोर्डवरच डाग देऊन बसवलेल्या, त्यामुळे ‘एसएसडी टाकू, रॅम वाढवू’ हा नेहमीचा उपाय बाद.

त्यावर विंडोज १० होतं आणि त्याने मान टाकली होती. अपडेट उतरवायला जागा नाही म्हणून अपडेट अर्धवट, अर्धवट अपडेटमुळे आणखी जागा खाल्लेली, असं ते चक्र. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० चा सपोर्ट बंद होणार, हे जाहीर झालेलं. ग्रंथपाल मॅडमची मागणी साधी होती : “सर, मुलांना फॉर्म भरता आले, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ उघडल्या आणि मराठी टाइप करता आलं की झालं. बाकी काही नको.”

मी जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, पुष्कळदा बसवलेलं. कोअर टू ड्युओ, पहिल्या पिढीतले आय३, असली मशीन हाताखालची. त्याच जोरावर फोनवर सांगून टाकलं, “शनिवारी येतो, मशीनमागे अर्धा तास धरा.” टॅब्लेटचं काळीज असलेला लॅपटॉप मी तोवर कधी उघडलाही नव्हता.

निघण्याआधी एक गोष्ट बरी केली. मॅडमना सेटिंग्जमधलं ‘अबाउट’ पान उघडून तिथे काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. त्यांनी नीट वाचलं : “३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर.” मी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं : एक्स६४, म्हणजे ६४-बिट. (संगणक एका दमात केवढा आकडा हाताळतो, त्याचं हे माप.) प्रोसेसर ६४-बिट आहे ना, मग झालं. या प्रकरणातली पहिली चूक त्या फोनवर झाली. अख्ख्या प्रकरणाचं उत्तर त्या एका ओळीत होतं.

अडचण : पेनड्राइव्ह दिसतच नाही

शनिवारी सोबत एका लोकप्रिय डिस्ट्रोच्या, म्हणजे लिनक्सच्या तयार संचाच्या, ६४-बिट इमेजचा पेनड्राइव्ह होता. नाव घेत नाही, कारण दोष त्या डिस्ट्रोचा नाही. फर्मवेअरमध्ये (मशीन चालू होताच, विंडोजच्याही आधी जागं होणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) जाऊन सिक्युअर बूट बंद केलं, फास्ट बूट बंद केलं, बूट मेनू उघडला. यादीत एकच ओळ : विंडोज बूट मॅनेजर. पेनड्राइव्हचा पत्ता नाही.

दुसऱ्या पोर्टात लावला, तेच. दुसऱ्या पेनड्राइव्हवर तीच इमेज लिहिली, तेच. ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ असा पर्याय शोधला, म्हणजे निदान जुन्या बायोस पद्धतीने बूट करता आलं असतं. तोही नव्हता. या काळातल्या टॅब्लेट वंशाच्या बऱ्याच मशीनमध्ये तो नसतोच.

मग मला वाटलं, प्रोसेसरबद्दल आपलंच चुकलं असेल, ३२-बिटची इमेज लावून बघू. घरून आणलेल्या सामानात एका हलक्या डिस्ट्रोची जुनी ३२-बिट इमेज होती. तीही दिसली नाही. आणि इथे मी वाट चुकलो. ६४ चालत नाही, ३२ही चालत नाही, म्हणजे बिटांचा काही संबंध नाही, यूएसबी पोर्टच मेलेत किंवा फर्मवेअर लॉक केलंय, असा निष्कर्ष काढून मोकळा झालो. ऐकायला तो अगदी तर्कशुद्ध वाटतो, पण चूक. त्या जुन्या ३२-बिट इमेजमध्ये फक्त बायोसचा बूटलोडर (प्रणाली उचलून सुरू करणारा छोटा प्रोग्राम) होता, यूईएफआयसाठी, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरसाठी, काहीच नव्हतं. म्हणजे दोन्ही पेनड्राइव्ह नापास झाले ते वेगवेगळ्या कारणांनी, आणि मी त्यांना एकाच कारणाने नापास धरलं.

शनिवार गेला, रविवारची सकाळ गेली. मशीनला विंडोज चालू असताना तेच पेनड्राइव्ह व्यवस्थित दिसत होते, म्हणजे पोर्ट ठीक होते. हेही समोर होतं, पण डोकं ‘लॉक केलेलं फर्मवेअर’ या कल्पनेला चिकटून बसलेलं.

उलगडा

कोडं सुटलं ते एका मुलामुळे. पोलीस भरतीची तयारी करणारा, बारावी झालेला, संगणकाचा त्याला नाद. माझ्या मागे उभा राहून तो सगळं बघत होता. विंडोजमध्ये पेनड्राइव्ह उघडून एकेक फोल्डर चाळता चाळता म्हणाला, “दादा, ईएफआयच्या आत बूट, त्याच्या आत ही फाइल. हिच्या नावात ६४ आहे. ३२ची फाइल वेगळी असते का?”

असते. यूईएफआय फर्मवेअर बाहेरच्या ड्राइव्हवर एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या नावाची फाइल शोधतं. ६४-बिट फर्मवेअर ‘बूटएक्स६४.ईएफआय’ शोधतं, ३२-बिट फर्मवेअर ‘बूटआयए३२.ईएफआय’. आपल्याला हवी ती नाही मिळाली, तर फर्मवेअर एरर देत बसत नाही. तो ड्राइव्ह बूट करण्याजोगाच नाही असं धरतं आणि यादीतून गाळतं. आम्हाला ‘पेनड्राइव्ह दिसत नाही’ असं वाटत होतं. प्रत्यक्षात मशीनने तो पाहिला होता, आपल्या कामाचं काही सापडलं नाही म्हणून बाजूला ठेवला होता.

मग ‘अबाउट’मधल्या त्या ओळीचा पहिला भाग आठवला : ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम. यूईएफआय पद्धतीने बूट होणाऱ्या विंडोजचे बिट फर्मवेअरच्या बिटांशी जुळावेच लागतात. विंडोज ३२-बिट आणि ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये बायोस मोडसमोर ‘यूईएफआय’ लिहिलेलं, म्हणजे फर्मवेअर ३२-बिटच. प्रोसेसर ६४-बिट, दार ३२-बिट. त्या काळात कमी रॅमच्या स्वस्त यंत्रांवर ३२-बिट विंडोज ८.१ घालून विकायचं, म्हणून फर्मवेअरही ३२-बिटच ठेवलेलं. पुढे वापरणारा त्यावर दुसरं काही बसवेल, हा विचार करायची गरज तेव्हा कोणाला वाटली नाही.

समोर असलेले पर्याय

त्या दुपारी चहा घेत चार वाटा कागदावर मांडल्या.

पहिली, सगळंच ३२-बिट करायचं. डेबियन या डिस्ट्रोच्या १२ व्या आवृत्तीत ३२-बिटचा पर्याय होता आणि त्यात ३२-बिट यूईएफआयचा लोडर असतो. हा सर्वांत सरळ रस्ता. २ जीबी रॅमवर ३२-बिट प्रणाली थोडी कमी मेमरी खाते, हा वरचा फायदा. पण गुगल क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं, आणि डेबियनच्या लोकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये सांगून टाकलं होतं की ३२-बिट इन्स्टॉलर आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) आता फार दिवस राहणार नाहीत. आज सोपं, दोन वर्षांनी पुन्हा हाच खेळ.

दुसरी, आतली प्रणाली ६४-बिट, फक्त बूटलोडर ३२-बिट. लिनक्स कर्नलमध्ये ही सोय २०१४ च्या ३.१५ आवृत्तीपासून आहे, तिला ‘मिक्स्ड मोड’ म्हणतात. ३२-बिट ग्रब (लिनक्सचा नेहमीचा बूटलोडर) ६४-बिट कर्नल उचलतो, आणि पुढे कर्नलला फर्मवेअरशी बोलावं लागलं की तो त्याच्या भाषेत उतरून बोलतो. काम जरा जास्त, पण टिकाऊ.

तिसरी, बूटलोडर कायम एका छोट्या पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि तो लॅपटॉपला लावूनच ठेवायचा. अभ्यासिकेत पेनड्राइव्ह आठवडाभर जागेवर राहिला असता तर नवल. ही वाट मॅडमनीच खोडली.

चौथी, विंडोज तसंच ठेवून साफसफाई करायची. ऑक्टोबर २०२५ ची तारीख डोळ्यांपुढे असताना ती फक्त चालढकल होती.

दुसरी वाट धरली. आजही तीच धरेन. पण ती धरताना आणखी एक निर्णय मी न बोलता घेऊन टाकला : डिस्ट्रो तीच ठेवायची, जी पेनड्राइव्हवर आधीच होती. नव्याने दोन-तीन जीबी उतरवायचे तर गावातलं नेट आणि माझा डेटा, दोन्हींचा अंत बघावा लागला असता. या आळसाची किंमत पुढे दीड वर्षाने मोजली.

पहिलं मशीन

माझ्या स्वतःच्या लिनक्स लॅपटॉपवर ३२-बिट यूईएफआयसाठीचा ग्रब घेतला. पेनड्राइव्ह फॅट३२ करून इमेजमधल्या फायली त्यावर उतरवल्या, ईएफआयच्या बूट फोल्डरमध्ये ‘बूटआयए३२.ईएफआय’ ठेवली आणि कर्नल कुठे आहे ते सांगणारी चार ओळींची ग्रबची फाइल लिहिली. पेनड्राइव्ह लावला, बूट मेनू उघडला. विंडोज बूट मॅनेजरच्या खाली दुसरी ओळ आली. तो मुलगा एवढ्या जोरात ओरडला की अभ्यासिकेतून तीन-चार डोकी वळली.

लाइव्ह, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या, प्रणालीत गेल्यावर आधी खात्री केली. ‘सिस’मधल्या फर्मवेअरच्या फोल्डरात ‘ईएफआय’ आणि त्यात ‘एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइज’ नावाची फाइल असते. तिच्यात एकच आकडा असतो. आमच्याकडे तो ३२ होता. दीड दिवसाचं संशोधन एका फाइलीतल्या दोन अंकांत.

इन्स्टॉलरला ‘सगळी डिस्क पुसा’ सांगितलं. पुसण्याआधी ईएमएमसीची प्रत काढून ठेवायला हवी होती. ३२ जीबी म्हणजे लिनक्समध्ये दिसणारे २९ जीबी, बाहेरच्या डिस्कवर फार तर तासाचं काम. काढली नाही. नशिबाने पुढे तिची गरज पडली नाही, पण ते नशीबच. बाकीच्या पाच मशीनपैकी एकाची प्रत काढून ठेवली.

इन्स्टॉलेशन ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत सुरळीत गेलं आणि बूटलोडरच्या पायरीवर आपटलं. संदेशाचा अर्थ असा : ६४-बिट यूईएफआयचं ग्रब पॅकेज बसवता आलं नाही, त्याशिवाय प्रणाली सुरू होणार नाही. इन्स्टॉलरने प्रोसेसर बघून ६४-बिट बूटलोडर निवडला होता. जी चूक मी फोनवर केली, तीच त्याने केली.

इथे दोन पर्याय होते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची किंवा बसलेल्या प्रणालीत शिरून बूटलोडर हाताने दुरुस्त करायचा. फायली सगळ्या उतरलेल्या होत्या, अडलं होतं ते फक्त दारापाशी. म्हणून दुसरा.

लाइव्ह प्रणालीतूनच मूळ पार्टिशन जोडलं. त्याच्या आत, बूटखालच्या ईएफआय फोल्डरवर, ईएफआय पार्टिशन जोडलं. डेव्ह, प्रॉक आणि सिस हे कर्नल आणि हार्डवेअरशी जोडणारे तिन्ही फोल्डर आत बांधले आणि सीएचरूट करून बसलेल्या प्रणालीत शिरलो. आता ३२-बिट ग्रबचं पॅकेज उतरवायचं. आत्तापर्यंत चालणारं नेट एकदम चालेना, कारण नावांवरून पत्ते शोधणारी ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही फाइल आतल्या बाजूला रिकामी होती. बाहेरची आत नकलली. मग नवा अडथळा : पॅकेजांची यादीच घेईना, म्हणे ‘रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही’. लॅपटॉपची बॅटरी कधीतरी पुरती उतरल्याने घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं आणि आदल्या दिवसापासून ते कुणी बघितलंच नव्हतं. मशीनच्या हिशोबाने आम्ही भविष्यातल्या फायली उतरवत होतो. घड्याळ लावलं आणि पुढे सरकलो. (नेट मोबाइलच्या यूएसबी टेथरिंगवरून घेत होतो. वायफायच्या चिपचं फर्मवेअर हा वेगळा अध्याय, तो इथे लावत बसत नाही.)

३२-बिट ग्रब मागितल्यावर पॅकेज मॅनेजरने ताकीद दिली : अमुक अमुक पॅकेजं काढली जातील, त्यात ६४-बिट ग्रब आणि त्याचं सही केलेलं भावंड. मुलगा म्हणाला, “दादा, हे बूटलोडरच काढून टाकतंय, थांबा.” शंका रास्त होती. असल्या यादीसमोर थांबावंच. पण ही दोन पॅकेजं एका प्रणालीत एकत्र नांदत नाहीत, आणि जे निघत होतं ते मुळात कधी चाललंच नव्हतं. हो म्हटलं. मग ग्रब-इन्स्टॉलला लक्ष्य ‘आय३८६-ईएफआय’ देऊन चालवलं, त्याने ‘कोणतीही चूक आढळली नाही’ असं कळवलं, आणि आम्ही रीबूट केलं.

थेट फर्मवेअरचं पान उघडलं. बूट करण्यासारखं काहीच नाही.

दुसरी गाठ : विसराळू फर्मवेअर

यूईएफआयमध्ये बूटलोडर दोन प्रकारे सापडतो. एक, फर्मवेअरच्या कायम स्मृतीत नोंद असते : अमुक पार्टिशनवर अमुक फोल्डरमध्ये अमुक फाइल. ग्रब-इन्स्टॉल नेहमी अशी नोंद करतो. दोन, नोंद नसेल तर वर सांगितलेल्या ठरलेल्या जागी, ठरलेल्या नावाची फाइल. बाहेरच्या ड्राइव्हसाठी आखलेली ही सोय आतल्या डिस्कवरही बहुतेक ठिकाणी चालते.

आमच्या मशीनवर नोंद होत होती. ‘ईएफआयबूटएमजीआर’ चालवलं की ती यादीत दिसायचीही. रीबूट केलं की गायब. म्हणजे ग्रब-इन्स्टॉल खोटं बोलत नव्हता, फर्मवेअर ऐकल्यासारखं करून विसरत होतं. दोन वेळा तीच आज्ञा देऊन पाहिली, तिसऱ्यांदा दिली नाही. तेवढी अक्कल तोवर आली होती.

एक जुगाड डोक्यात आलं. विंडोजच्या बूट फाइलचा मूळ पत्ता आणि नाव ग्रबला द्यायचं, म्हणजे फर्मवेअर त्याला विंडोज समजून उचलेल. काही मशीनवर खरोखर दुसरा इलाज नसतो. पण सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी हे मशीन उघडलं, तर विंडोजच्या नावाने लिनक्स बघून तो डोक्याला हात लावेल. म्हणून आधी साधा उपाय. ग्रब-इन्स्टॉलला ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय दिला. तो नोंदीच्या भानगडीत पडत नाही, थेट ठरलेल्या जागी ‘बूटआयए३२.ईएफआय’ ठेवतो. रीबूट. काळा पडदा, दोन सेकंद शांतता, आणि ग्रबचा मेनू.

रविवारी रात्री पावणेआठ. सहापैकी एक झालं.

बाकीची पाच

पुढच्या शनिवारपर्यंत विचार करायला वेळ मिळाला. हेच सगळं हाताने पाचदा करायचं, की असा इन्स्टॉलर शोधायचा जो फर्मवेअरला विचारून बूटलोडर निवडतो? डेबियनचा इन्स्टॉलर हे करतो, ही मिश्र बिटांची सोय त्यात २०१५ च्या डेबियन ८ पासून आहे. डेबियन १२ पासून वायफायसारख्या उपकरणांचं फर्मवेअरही अधिकृत इमेजमध्येच येतं, म्हणजे तीही डोकेदुखी कमी. घरच्या नेटवर ६४-बिट इन्स्टॉलर उतरवला आणि माझ्याच ३२-बिट ग्रबच्या पेनड्राइव्हवरून तो उठवला.

या वेळी एक्स्पर्ट मोडने गेलो. बूटलोडरच्या पायरीवर तो विचारतो : ग्रबची जादा प्रत बाहेरच्या ड्राइव्हसाठी ठरलेल्या जागीही ठेवायची का? हो म्हटलं. हा प्रश्न नेहमीच्या मोडमध्ये असा सरळ समोर येत नाही, म्हणून एक्स्पर्ट मोडचा खटाटोप. पाचही मशीन दोन शनिवारांत झाली. एक मशीन अधूनमधून जागच्या जागी गोठायचं. त्याचा बूटलोडरशी संबंध नव्हता. या प्रोसेसरांची झोपेच्या अवस्थांबाबतची जुनी खोड आहे, कर्नलला सी-स्टेट १ च्या खाली जाऊ नको असं सांगितल्यावर ते थांबलं.

पहिलं मशीन मात्र जसं होतं तसंच ठेवलं. चाललंय ना, मग कशाला हात लावा. मॅडमनी विचारलं होतं, “हे एक वेगळं दिसतंय, चालेल ना?” मी म्हटलं, चालेल.

दीड वर्षाने

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मॅडमचा फोन. पहिल्या मशीनवर काळा पडदा, ‘सिम्बॉल नॉट फाउंड’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’. कुणीतरी पडद्यावर आलेली ‘नवीन आवृत्ती उपलब्ध’ची खिडकी बघून होकार दिला होता आणि प्रणालीचं मोठं अपग्रेड झालं होतं. त्या मुलांना दोष देण्यात अर्थ नव्हता, विचारणारी खिडकी असेल तर कुणीतरी हो म्हणणारच.

बिघडलं ते असं. ग्रबचे दोन तुकडे असतात. एक, ईएफआय पार्टिशनवरची छोटी फाइल, जी फर्मवेअर उचलतं. दुसरा, प्रणालीच्या बूट फोल्डरमधली मॉड्यूलं, जी ती छोटी फाइल उचलते. दोन्ही एकाच आवृत्तीची लागतात. अपग्रेडमध्ये ग्रब २.०६ वरून २.१२ झाला. पॅकेजने आपल्या नेहमीच्या पद्धतीने मॉड्यूलं बदलली आणि ईएफआय पार्टिशनवर डिस्ट्रोच्या नावाच्या फोल्डरमधली फाइलही बदलली. पण फर्मवेअर जी उचलत होतं, ती ठरलेल्या जागची प्रत मी एकदा हाताने ठेवली होती. तिच्याबद्दल पॅकेजला काही ठाऊकच नव्हतं. जुनी फाइल नवी मॉड्यूलं उचलायला गेली आणि ओळख पटेना.

बाकीच्या पाचांवर एक्स्पर्ट मोडमधला तो होकार पॅकेजच्या सेटिंगमध्ये नोंदला गेला होता. त्यामुळे ती डेबियन १३ वर गेली तेव्हा दोन्ही प्रती आपोआप बदलल्या. पाचांपैकी एकानेही कुरकुर केली नाही.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. तोच जुना पेनड्राइव्ह, तेच सीएचरूट, आणि या वेळी नुसती ‘रिमूव्हेबल’ची आज्ञा न देता पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करून तो प्रश्न समोर आणला आणि त्याला हो म्हटलं. ही आज्ञा पहिल्या रविवारी रात्री दिली असती तर दीड मिनिट गेलं असतं. तेव्हा मेनू दिसला आणि आम्ही पिशव्या उचलल्या.

आता करायचं झालं तर

सुरुवात फर्मवेअरपासून करेन. अनोळखी मशीन समोर आलं की प्रोसेसर किती बिटांचा हे आपण आधी विचारतो, कारण ते डब्यावर लिहिलेलं असतं. बूटलोडरला त्याच्याशी फारसं देणंघेणं नाही. त्याला दार किती रुंद हे हवं असतं. विंडोज चालू असेल तर ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मधला बायोस मोड आणि विंडोजचे स्वतःचे बिट, लिनक्स चालू असेल तर ती एका आकड्याची फाइल. दोन्हीला पाच मिनिटं पुरतात, आणि पहिलं काम तर फोनवरूनही होतं.

दोन चाचण्या एकदम नापास झाल्या तर दोन्हींचं कारण वेगवेगळं तपासेन. त्या जुन्या ३२-बिट इमेजमध्ये ईएफआय नावाचा फोल्डर तरी आहे का, एवढं जरी बघितलं असतं तरी शनिवार वाचला असता.

सहाही मशीनवर एकच प्रणाली, एकाच पद्धतीने. पहिलं मशीन बाकीच्यांसारखं करायला त्या दोन शनिवारांतला एक तास लागला असता. ‘चाललंय ते चालू दे’ हे माझं धोरण एरवी मला पटतं, पण जिथे अपडेट आपल्या पश्चात आणि दुसऱ्याच्या हाताने होणार, तिथे हाताने ठेवलेली प्रत्येक फाइल ही कुणाला न सांगितलेली जबाबदारी होऊन बसते.

एका गोष्टीबाबत अजून माझं मत डळमळतं. ३२-बिटची सोपी वाट घेतली असती तर इन्स्टॉलर बूटलोडरच्या पायरीवर आपटला नसता आणि २ जीबी रॅमवर थोडं हलकंही चाललं असतं. पण डेबियन १३ मध्ये ३२-बिटचा इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही गेले, त्यामुळे पाच मशीन ज्या सहजतेने पुढच्या आवृत्तीवर गेली तशी गेली नसती. दोन वर्षांच्या सोयीसाठी लॅपटॉप हवे असते तर ३२-बिट घेतलं असतं. मॅडमना मात्र “हे पडेपर्यंत” चालवायचेत.

सध्याची स्थिती

सहापैकी पाच लॅपटॉप वापरात आहेत. एकाची ईएमएमसी झिजून फक्त वाचण्यापुरती उरली आहे, त्याला काही करता येत नाही. मराठी टाइप करायच्या इन्स्क्रिप्ट कळफलकाची सवय व्हायला मुलांना महिना लागला, त्याच्या तक्रारी बूटलोडरपेक्षा जास्त आल्या.

तो मुलगा भरती होऊन आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे. जाण्याआधी त्याने प्रत्येक लॅपटॉपच्या पाठीवर पांढरी पट्टी चिकटवून स्केचपेनने लिहून ठेवलं : ‘फर्मवेअर ३२. बूटच्या वेळी पेनड्राइव्ह दिसला नाही तर आधी आतली फाइल बघा.’ ३२-बिट ग्रबचा तो पेनड्राइव्ह मॅडमनी कपाटात, दाखल रजिस्टरमध्ये नोंद करून ठेवला आहे. त्याला पुस्तकासारखा क्रमांकही दिलाय.